न आलेल्यांची हजेरी

डॉ. निशिकांत पळसुल्यांनी पहिल्या तासाला स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नाही. चार खणांच्या जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र टेबलावर ठेवलं, पंखे चालू करायला लावले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. वीस मिनिटं यंत्र घरघरत हवा ओढत होतं. मग पडद्यावर नावं उमटायला लागली. गेल्या तीन दिवसांत त्या वर्गात जे जे येऊन गेले त्यांची नावं. झाडूवाल्या मावशी. दुसऱ्या वर्गातून चोरून येऊन बसणारं एक जोडपं. आणि 'मी महिनाभर या इमारतीत पाऊल ठेवलं नाही' असं कालच लेखी देऊन गेलेला एक शिपाई.

वर्ग गार पडला. मागच्या बाकावरून एक आखूड केसांची पोरगी उठली आणि म्हणाली, "सर, हे मला चालवायला शिकवाल?"

ती कस्तुरा लोखंडे. पाच वर्षांचा दुहेरी अभ्यासक्रम तिनं घेतला होता. सकाळी कायदा आणि दुपारी गुन्हेशास्त्र, एका पदवीत दोन्ही. सकाळी ॲडव्होकेट शकीला मुजावर शिकवायच्या. वीस वर्षं सत्र न्यायालयात घासलेल्या, जिभेला लगाम नसलेल्या बाई. त्यांचा प्रश्न एकच असायचा : सिद्ध झालं का? दुपारी पळसुले. त्यांचा प्रश्न : घडलं कसं? मुजावर मॅडम दुपारच्या विभागाला 'धूळवाले' म्हणायच्या, पळसुले सकाळच्या विभागाला 'पोपटांचा पिंजरा' म्हणायचे आणि मधल्या सुट्टीत पोरं दोन इमारतींच्या मधलं मैदान पळत ओलांडायची. कस्तुरा सगळ्यांत जोरात पळायची. सकाळी ऐकलेला प्रश्न दुपारी विचारायचा आणि दुपारचा दुसऱ्या दिवशी सकाळी, यात तिला जी मजा यायची ती सांगून कळणारी नाही. डोक्यात दोन चक्क्या एकदम फिरायच्या आणि पीठ एकाच पोत्यात पडायचं.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला 'हजेरी' म्हणत. त्यामागचं शास्त्र सरळ आहे. माणूस नुसता बसला तरी झडत असतो. कातडीचे कण, बोलताना उडणारे थुंकीचे बारीक थेंब, सगळं हवेत मिसळतं आणि धुळीबरोबर खाली बसतं. त्या प्रत्येक कणात त्या माणसाची जनुकीय सही असते. हजेरी ती धूळ ओढते, शेकडो माणसांच्या मिसळलेल्या सह्या सुट्या करते आणि सरकारी नोंदवहीशी ताडून नावं सांगते. ओली पेशी वाळत जाते तशी सही तुटत जाते. किती तुटली त्यावरून कण किती ताजा हेही कळतं. तीन दिवसांपलीकडचं यंत्र सोडून देतं.

आता ही नोंदवही कुणाची? ज्यांना कधी अटक झाली त्यांची, आणि ज्यांना सरकारी योजनेचा शिधा, शिलाई मशीन, घरकुल लागतं त्यांची. नळीत थुंकलं की योजना मिळते. ज्याला योजना लागत नाही तो थुंकत नाही, म्हणून तो नोंदवहीत नाही. तो खोलीत येऊन गेला तर यंत्र म्हणतं, 'अनोळखी'. अपवाद पळसुल्यांच्या घराचा. यंत्राला वाचायला शिकवलं ते त्यांनी आपल्याच घरच्या माणसांच्या थुंकीवर, त्यामुळे ते आणि त्यांच्या बायको सुलभाताई हे नोंदवहीतले पहिले दोन. एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता, हे लिहून ठेवतो.

कायद्यात मात्र एक कलम घुसवलं होतं : हजेरी लागली, की आपण तिथं नव्हतो हे त्या माणसानंच सिद्ध करायचं. मुजावर मॅडम ते कलम शिकवताना खडू आपटायच्या.

कस्तुराची एक गोष्ट मात्र कुणाला माहीत नव्हती. प्रवेशाचा अर्ज बोलून भरायचा होता. 'पालकाचा व्यवसाय' आला तेव्हा ती म्हणाली, "गुंतवळ." अर्जानं लिहिलं : 'गुंतवणूक'. ती थांबली. पडद्याकडं बघितलं. खोडायला बोट उचललं आणि पुढचा रकाना भरला. ती खोटं बोलली नाही, यंत्र बोललं. तिनं फक्त राहू दिलं. चार वर्षं सगळ्यांना वाटत होतं की कस्तुराच्या आईची कसलीतरी फर्म आहे.

आईची झोळी होती. तिम्माबाई लोखंडे, टेकडीमागच्या वैदू वस्तीतली. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत झोळी आणि गल्लोगल्ली एकच आरोळी : "गुंतवळावर भांडीऽऽ." बायकांनी विंचरून साठवलेली केसांची गुंतवळं घ्यायची आणि त्यावर वाटी, झाकण, चिमटा द्यायचा. ते केस पुढं डोक्यावर घालायचे केसांचे टोप बनवणाऱ्या कारखान्यात जातात. तिम्माबाईचं नाव कुठल्याच नोंदवहीत नव्हतं. शिधापत्रिका मागायला गेली की जन्मगाव विचारायचे, आणि ती जन्मली होती पालात, दोन गावांच्या मधे. लेकीनं यंत्राचं नाव सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हजेरी? आमचा आजा पाल पडलं की पयला पाटलाकडं हजेरी द्याचा. तवा मानूस जायाचा. आता वारं जातंय व्हय."

*

पाचव्या वर्षाला मुजावर मॅडम चालवतात त्या मोफत कायदा मदत केंद्रात काम करावं लागतं. कस्तुराच्या वाट्याला आली मंदाकिनी घोलप.

खटला गाजलेला होता. निवृत्त मुख्याध्यापिका निर्मला कुंटे, वय शहात्तर, गुडघ्यांनी पलंगाला खिळलेल्या, एका मंगळवारी संध्याकाळी डोक्यात खलबत्ता घातलेल्या अवस्थेत सापडल्या. हातातल्या पाटल्या गायब. मृत्यूची वेळ चार ते पाच. हजेरीनं त्या खोलीत मंदाकिनी घोलप दाखवली. ही शिवणकाम करणारी बाई दोन वर्षांपूर्वी कुंटेबाईंच्या बाहेरच्या खोलीत भाड्यानं राहायची आणि भांडून निघाली होती. भांडणाची तक्रार पोलिसांत होती. शिलाई मशीनच्या योजनेमुळे नाव नोंदवहीत होतं. झालं. ती म्हणत होती, मी दोन वर्षांत त्या घराची पायरी चढले नाही. मग तुझी धूळ तिथं कशी? सात महिने ती आत होती.

पुढच्या आठवड्यात पळसुल्यांची तज्ज्ञ म्हणून साक्ष होती. कस्तुराला ते बरं वाटत होतं. तिला वाटत होतं की यंत्र खरं बोलतंय आणि बाई खोटं. शिवाय पळसुल्यांनी राज्याच्या हजेरी केंद्रातल्या नोकरीसाठी तिचं नाव पुढं पाठवलं होतं. वर्गातून एकटीचं.

तिनं आरोपपत्र उघडलं ते निव्वळ अभ्यास म्हणून. हजेरीच्या जोडपत्रात बावीस सह्या होत्या. नोंदवहीतल्या नऊ बायका आणि तेरा अनोळखी. अनोळखींपैकी बारा बायका, एक पुरुष. खुद्द कुंटेबाईंचं, घरात रोज राबणाऱ्या बाईचं आणि प्रेत सापडलं तेव्हा आत गेलेल्यांचं नाव आधीच वेगळं काढलेलं.

तिनं ते मुजावर मॅडमना दाखवलं. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.

"खिळलेल्या म्हातारीच्या खोलीत तीन दिवसांत एकवीस बायका? हळदीकुंकू होतं का गं तिथं?"

पोलिसांनी नऊपैकी आठ जणींबद्दल लिहिलं होतं, 'कामानिमित्त आल्या असाव्यात'. विचारलं कुणीच नव्हतं. नववीचं भांडण सापडलं आणि शोध संपला.

कस्तुरा पुढं वाचत गेली. समोरच्या घरातल्या एका म्हाताऱ्याचा जबाब होता. चौकीत हल्ली जबाब लिहीत नाहीत. माणूस बोलतो, यंत्र टंकतं. त्यात एक ओळ होती : 'सकाळी अकराच्या सुमारास नेहमीची गुंतवणूकवाली येऊन गेली. दुसरं कुणी मी पाहिलं नाही.' खाली तपास अधिकाऱ्याचा शेरा होता : शहरातल्या सर्व वित्तीय कंपन्यांच्या महिला प्रतिनिधींकडं चौकशी केली, सदर महिला निष्पन्न झाली नाही.

कस्तुरानं त्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग उठून उभी राहिली, खुर्ची मागं पडली ती उचललीही नाही. सबंध जिल्ह्यात ही ओळ वाचू शकणारं माणूस एकच होतं आणि ते इथं उभं होतं. हेच यंत्र, हीच चूक, हाच शब्द. नेहमीची गुंतवणूकवाली. नेहमीची.

*

तिनं आधी आईकडं जायला हवं होतं. गेली पळसुल्यांकडं. का, तर शोध लागला की माणूस आधी गुरूकडं पळतो, आणि खरं सांगायचं तर तिला तो आनंद पुरता भोगायचा होता.

तिनं सांगितलं : सर, एक बाई घरोघर केस गोळा करते. तिच्या झोळीत शंभर घरांचे केस. ती खोलीत झोळी उघडते, वर पंखा चालू. शंभर घरांची धूळ एका खोलीत. न आलेल्या माणसांची हजेरी लागते.

पळसुले क्षणभर खूश झाले. कल्पना सुंदर आहे म्हणाले. मग फळ्याकडं वळले आणि तिला पाडून टाकलं. विंचरताना गळालेला केस मेलेला असतो. त्याच्या मुळाशी जिवंत पेशी जवळजवळ नसते. त्यातून मिळते ती तुटकी सही. इथं बावीसच्या बावीस सह्या पूर्ण आहेत आणि ताज्या आहेत. त्याला ओली पेशी लागते. केसांतून ती येणार नाही.

"आणि अशी बाई तू कधी बघितली आहेस का?" त्यांनी विचारलं. "की कुठंतरी वाचलंस?"

हा साधा प्रश्न होता. कस्तुरानं वही मिटून पिशवीत घातली. पळसुले मायेनं म्हणाले, की नोकरीचं पत्र येईपर्यंत तिनं बचाव पक्षाच्या फार जवळ दिसू नये. ती मान हलवून बाहेर आली आणि मैदानात पहिल्यांदाच चालत गेली.

तुरुंगात भेटीची वेळ दुपारची होती. मंदाकिनी खिडकीशी केस विंचरत बसली होती, कमरेखाली जाणारे केस. कस्तुरानं थेट विचारलं, गुंतवळ देता का कुणाला? बाईनं आधी मागं बघितलं, पोलीसबाई लांब आहे ना. मग हळूच कबूल केलं. सासू सांगायची की केस कुणाला देऊ नयेत, करणी करतात, म्हणून ती घरात लपवून साठवायची आणि मंगळवारी केसवालीला द्यायची. नवऱ्याला माहीत नाही. आधीच्या वकिलाला कसं सांगणार, पुरुष माणूस. सांगता सांगता तिनं फणीतलं गुंतवळ बोटाभोवती गुंडाळलं, त्यावर सवयीनं 'थू' केलं आणि टाकायला जागा शोधू लागली. जागा नव्हती. तिनं ते पदरात बांधलं.

कस्तुरा वहीत लिहीत होती. तिनं बघितलं आणि बघितलं नाही. तिचे स्वतःचे केस गेली पाच वर्षं कानाच्या वर होते.

*

"गेल्ते की कुंटेबाईकडं," तिम्माबाई म्हणाली. "कायम जायाची. तिचं समदं पांढरं. मी खाली फडकं हातरून झोळी मोकळी केली, काळं-पांढरं येगळं केलं. पांढऱ्याला येगळा दर आसतो. तिला गंमत वाटायची. म्हनायची, ह्ये कुनाचं गं, क्येवढं लांब! म्या म्हनलं, तुमच्याच जुन्या भाडेकरनीचं. दुसऱ्या दिवशी ऐकलं, म्हातारीला मारली."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"कुनाला? पोलिसाला?" तिम्माबाई हसली. "वैदवाची बाई सांगाया गेली, का मी त्या घरात गेल्ते, तर ती घरला परत येती व्हय?"

हेच तर होतं. कस्तुरानं आईला सगळं उलगडून सांगितलं. तू साक्ष दिलीस तर मंदाकिनी सुटायची वाट निघते. पण मग त्या दिवशी त्या खोलीत गेलेली, नोंदवहीत नसलेली, भटक्या जातीची बाई म्हणून तूच उरतेस. सरकारी वकील तुला सोडणार नाही. शिवाय सर म्हणतात की केसांतून अशी सही येतच नाही. म्हणजे ती सुटणार नाही आणि तू अडकशील, असंही होईल.

मग तिनं अर्जाचंही सांगून टाकलं. गुंतवणूक.

तिम्माबाई बराच वेळ भांडी पाटीत रचत राहिली. मोठ्यात छोटं, छोट्यात चमचे.

"ती बाई किती म्हैनं आत हाय?"

"सात."

"सात म्हैनं मी तिच्या दारावरनं जाती. कुलूप बघती आन् म्हनती, म्हायेरी गेली आसंल." तिनं पाटीवर फडकं टाकलं. "तुझ्या अर्जाचं तू बघ. कोरटाचं कवा हाय?"

*

साक्षीच्या दिवशी न्यायालय भरलेलं होतं. न्यायाधीश वैजयंती हिंगमिरे, घट्ट अंबाडा, कमी बोलणाऱ्या. मुजावर मॅडमनी परवानगी घेऊन बचावाची साक्षीदार म्हणून तिम्माबाईला आधी पुकारलं तेव्हा पळसुल्यांनी सहज मान वर केली. नाव ऐकलं, लोखंडे. मग मागच्या बाकावरच्या कस्तुराकडं बघितलं. कस्तुरानं नजर खाली घातली नाही. त्या दिवसापासून तिनं ती कुणासमोरच खाली घातलेली नाही.

तिम्माबाईनं घरी सांगितलं तसंच सांगितलं. मुजावर मॅडमनी जबाबातली ओळ वाचली, मग साक्षीदाराला म्हणाल्या की आपला धंदा मोठ्यानं सांगा. तिम्माबाईनं आरोळीच दिली. न्यायालय हसलं. लेखनिकाच्या पडद्यावर उमटलं : 'गुंतवणुकीवर भांडी'. आता न्यायाधीशही हसल्या आणि हातानं दुरुस्त करायला लावलं.

सरकारी वकील हसत नव्हते. ते उठले. म्हणजे तुम्ही त्या खोलीत होतात. कुणी बोलावलं होतं? बाईंच्या हातातल्या पाटल्या तुम्ही बघितल्या होत्या? बघितल्या होत्या. तुमच्या नावाचा कुठला कागद आहे? नाही. चार ते पाच तुम्ही कुठं होतात?

"फेरीवर. गुलमोहराच्या घरी."

"कुणाचं घर ते?"

"नाव न्हाई ठावं. दारात गुलमोहर हाय."

"शहरात गुलमोहर किती आहेत, ठाऊक आहे का?" वकील म्हणाले. दोन पोलीस भिंत सोडून तिम्माबाईच्या बाजूला सरकले. अजून कुणी सांगितलं नव्हतं तरी सरकले. त्यांना सांगावं लागत नाही.

मग पळसुले पिंजऱ्यात आले. त्यांनी सांगितलं ते फळ्यावर सांगितलं होतं तेच, आणि ते खोटं नव्हतं. गळालेला केस मेलेला असतो. पूर्ण आणि ताज्या सहीला ओली पेशी लागते. साक्षीदार बाई प्रामाणिक असतील, पण केसांतून हा अहवाल निघू शकत नाही. कस्तुराला वाटलं, संपलं. आई इथून सरळ चौकीत जाणार आणि मंदाकिनी परत आत.

तेव्हा बाकावरून तिम्माबाई बोलली. परवानगी वगैरे काही नाही.

"ओलं म्हंजे थुका चालंल का सायेब?"

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी हात वर केला आणि काय म्हणायचंय ते विचारलं.

"न्हाई, म्हनलं, केस कोन तसंच देतंय? गुंतवळ टाकायचं तर थू करून टाकत्यात. देताना बी थू करत्यात. दिष्ट लागू नये, करनी हू नये म्हनून. येक बाई तशी न्हाई बघितली म्या चाळीस वर्सांत. आन् माझ्या झोळीला आतून दुधाच्या पिशव्यांचं आस्तर हाय. वल जाईत न्हाई. लई दिस राहती."

न्यायालयात चाळीसेक बायका असतील. वकील, कारकून, पोलीसबाया. सगळ्या एकदम गप्प झाल्या, आणि ते गप्प होणंच साक्ष होतं. न्यायाधीश हिंगमिऱ्यांचा हात अंबाड्यापर्यंत गेला आणि अर्ध्यातून परत आला.

पळसुले हातातला अहवाल पुन्हा चाळायला लागले. दोन कोटी लोकांना नळीत थुंकायला लावून ज्यानं नोंदवही भरली, त्याला थुंकी म्हणजे काय हे सांगायला पाटीवाली यावी लागली. शिकलेल्या पुरुषाला आपल्या घरातली फणी दिसत नाही. न्हाणीघराच्या कोपऱ्यात बायको काय करते हे पाहायला यंत्र लागत नाही, मान वळवावी लागते.

न्यायाधीशांनी प्रयोगाचा हुकूम दिला. इथंच, आत्ता. यंत्र न्यायालयाच्या आवारातच असतं. चालवणार कोण? पळसुले म्हणाले, "कस्तुरा लोखंडे. माझ्यापेक्षा चांगलं चालवते." हेही लिहून ठेवतो.

कस्तुरानं आधी खोलीत असलेल्या सह्यांची यादी घेऊन ती वजा करायला लावली, मग यंत्राचं तोंड मधल्या फरशीकडं केलं. आईनं फरशीवर फडकं अंथरलं, झोळी मोकळी केली, आणि सवयीनं काळं-पांढरं वेगळं करायला बसली. वर पंखा फिरत होता. वीस मिनिटं. कस्तुराला स्वतःच्या छातीतली घरघर आणि यंत्राची घरघर वेगळी ऐकू येईना. पहिल्या वर्षी वर्गात उभी राहिली होती तेव्हाचा तो थरार, तोच, पण आज त्यात आईचा जीव होता.

नावं उमटायला लागली. मुजावर मॅडम एकेक मोठ्यानं वाचत गेल्या आणि शिपाई दारात पुकारत गेला. कुणी 'हजर' म्हणेना. अनोळखी सोडून एकेचाळीस नावं, सह्या पूर्ण, ताज्या, आणि त्यांतली एकही बाई त्या इमारतीत नव्हती. एकतिसावं नाव आलं आणि मॅडम थांबल्या.

"सुलभा निशिकांत पळसुले."

पळसुले उभे राहिले. "शक्य नाही. ती घरी आहे. ती आयुष्यात कधी कोर्टात आलेली नाही."

"तेच तर म्हणतोय आम्ही," मुजावर मॅडम म्हणाल्या.

आणि फरशीवर बसलेल्या तिम्माबाईनं मान वर करून त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. केस हातातच राहिले.

"आवं, तुम्ही तर टीवीतलं," ती म्हणाली. "गुलमोहराचं घर तुमचंच व्हय? त्या मंगळवारी मी तुमच्याच सैपाकघरात बसल्ते की. तुमची मंडळी म्हनली, बस, चा घे, टीवीत बघ, आमचं हे. तुम्ही फुलांचा हार घालून बोलत व्हतां. धूळ खोटं बोलत न्हाई म्हनत व्हतां."

त्या मंगळवारी पळसुल्यांचा सरकारी सत्कार होता. कार्यक्रम थेट दाखवला होता, चार ते साडेपाच.

न्यायाधीशांनी सुलभाताईंना पडद्यावर बोलावलं. त्यांनी नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि मग न्यायाधीशांकडं बघून बोलल्या. हो, केस देते. वीस वर्षं देते. यांना सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. तिम्माबाई त्या दिवशी चारच्या आधी आली आणि कार्यक्रम संपल्यावर गेली, झाकणाचा डबा देऊन. मग त्या उठल्या आणि आतून डबा आणून दाखवला. त्यात पळसुल्यांचे लाडू होते.

भिंतीजवळचे पोलीस परत भिंतीला लागले.

पळसुले पुन्हा पिंजऱ्याकडं गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. म्हणाले, "अहवाल मी मागे घेतो. माणूस तिथं होता असं यंत्र सांगत नाही. त्याची धूळ तिथं होती एवढंच सांगतं. ती कुणी नेली हे मी विचारायला हवं होतं."

मंदाकिनीला त्याच दिवशी जामीन मिळाला, महिन्याभरात निर्दोष सुटका. आणि सात महिन्यांनी पोलिसांनी त्या जोडपत्रातल्या शेवटच्या ओळीकडं पहिल्यांदा लक्ष दिलं. अनोळखी, पुरुष, एक. नळीत कधी थुंकायची गरज न पडलेला. त्याला शोधायला आता माणसं लागणार होती.

बाहेर व्हरांड्यात पळसुल्यांनी कस्तुराला गाठलं. विचारलं, की ती तुझी आई आहे हे तू मला केबिनमध्येच का नाही सांगितलंस.

"तुम्ही विचारलंत ना सर, अशी बाई कधी बघितलीस का," ती म्हणाली. "तिथं मी बोलायला पाहिजे होतं. मी तिचा पुरावा दाबला. चार वर्षं दाबला."

हजेरी केंद्राचं पत्र नंतर आलं. तिनं नकार कळवला आणि मुजावर मॅडमच्या टेबलासमोर एक स्टूल टाकलं.

पदवीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. संगणकासमोर रांग होती. तिचा नंबर आला तेव्हा तिम्माबाई पाटी खाली ठेवून शेजारीच उभी होती. फेरी वाटेवरच होती, म्हणून आली म्हणाली. कस्तुरानं नाव सांगितलं, विषय सांगितले, कायदा आणि गुन्हेशास्त्र. 'पालकाचा व्यवसाय' आला.

"गुंतवळ," ती म्हणाली.

पडद्यावर उमटलं : 'गुंतवणूक'.

तिनं खोडलं. पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. मागची रांग ऐकायला लागली. 'गुंतवणूक'. पुन्हा खोडलं. मग तिनं बोलायचं सोडलं आणि बोटानं एकेक अक्षर दाबलं. गुं. त. व. ळ.

पडदा जरा अडखळला आणि त्यानं विचारलं : 'हा शब्द कोशात नाही. जोडायचा?'

"काय म्हनतंय ग्ये?" तिम्माबाईनं विचारलं.

"तुझी हजेरी घेतंय," कस्तुरा म्हणाली, आणि 'हो' दाबलं.